लोकप्रशासन आणि पर्यावरणविज्ञान: एक जोडपदवी

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत लोकप्रशासन आणि पर्यावरणविज्ञान या दोन विषयांतल्या पदव्युत्तर पदव्या एकत्र घेता येतात. या सोयीला तिकडे ड्युअल डिग्री म्हणतात. या प्रकरणात तिला जोडपदवी म्हटले आहे. तिचा एक भाग मास्टर ऑफ पब्लिक अफेअर्सचा, म्हणजे एमपीएचा. त्यात सरकारी व्यवस्थापन, अर्थसंकल्प, कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र येते. दुसरा भाग पर्यावरणविज्ञानातल्या एम.एस.चा. त्यात पर्यावरणीय रसायनशास्त्र, परिसंस्थांचा अभ्यास, भूजल, विषशास्त्र, संगणकावरचे नकाशे आणि प्रदूषण कसे पसरते याची गणिते येतात. या पदव्या वेगवेगळ्या घेतल्या तर प्रत्येकी दोन, अशी चार वर्षे जातात. एकत्र घेतल्यावर काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि काम तीन वर्षांत उरकते. विद्यार्थ्याला प्रमाणपत्रे मात्र दोन मिळतात.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, पण ती गोष्ट वेगळी. तिथे विद्यार्थी सकाळी एका वर्गात आणि दुपारी दुसऱ्या वर्गात बसतो. दोन्ही विभागांचा एकमेकांशी संबंध नसतो, आणि एकीकडचा विषय दुसरीकडे धरला जात नाही. जोडपदवीत दोन्ही विभागांनी आधीच बसून ठरवलेले असते की संख्याशास्त्र एकदाच शिकायचे, आणि एका पदवीतला सक्तीचा विषय दुसऱ्या पदवीत ऐच्छिक म्हणून मोजायचा. वाचणारे वर्ष या तडजोडीतून निघते.

तिसरा एक प्रकारही आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २००२ साली पर्यावरणविज्ञान आणि धोरण या विषयाचे एमपीए सुरू केले. ते बारा महिन्यांत पुरे होते. उन्हाळ्यात विज्ञानाचे विषय घाईने शिकवतात आणि पुढच्या दोन सत्रांत धोरण. पदवी एकच मिळते. ज्याला शास्त्रज्ञाचे म्हणणे समजून घ्यायचे आहे, पण स्वतः प्रयोगशाळेत उभे राहायचे नाही, त्याला ती पुरते. जोडपदवीचा विद्यार्थी मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांबरोबर, त्यांच्याच परीक्षा देत शिकतो. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आणि मिशिगन विद्यापीठात पर्यावरण आणि धोरण या दोन शाखांची अशी जोड आहे. तिचे सर्वांत पूर्ण उदाहरण मात्र इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन या लहानशा विद्यापीठनगरीत सापडते. तिथे दोन्ही विषय पहिल्यापासून एकाच छपराखाली आहेत.

कायद्याने निर्माण केलेली गरज

१९६३ साली ‘पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिंटन कीथ कॉल्डवेल यांचा एक लेख आला. पर्यावरण हा सरकारी धोरणाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल का, असा प्रश्न त्यांनी त्यात विचारला होता. आज तो प्रश्न बाळबोध वाटेल. त्या काळी जंगले एका खात्याकडे, नद्यांवरची धरणे दुसऱ्याकडे आणि कीटकनाशके तिसऱ्याकडे असत. या सगळ्यांचा एकत्र विचार करणे कोणाचेच काम नव्हते. कॉल्डवेल इंडियाना विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. रसायन किंवा जीवशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. कारभार कसा चालतो हा होता.

जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली. जूनमध्ये क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला. ही नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, पण या वेळी देशाचे लक्ष तिकडे गेले. त्याच वर्षी सिनेटर हेन्री जॅक्सन यांच्या समितीपुढे पर्यावरण धोरणाचे विधेयक होते आणि कॉल्डवेल समितीचे सल्लागार होते. एप्रिलमधल्या सुनावणीत त्यांनी एक आग्रह धरला. कायद्यात नुसती उदात्त वाक्ये लिहून खाती हलणार नाहीत. प्रत्येक खात्याला काहीतरी करून दाखवावेच लागेल अशी अट कायद्यात हवी. त्यातून पर्यावरणीय परिणामांचे सविस्तर निवेदन सक्तीचे करणारे कलम आले. मोठा रस्ता, धरण किंवा खाण हाती घेण्याआधी तिचे परिणाम आणि पर्याय लिहून काढायचे, हे बंधन आले. १ जानेवारी १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी या कायद्यावर सही केली. भारतात १९९४ साली अधिसूचनेने आलेले आणि २००६ साली बदललेले पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन याच वंशातले.

त्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे वकिलांचे लक्ष कमी जाते. निर्णय घेताना खात्यांनी नैसर्गिक विज्ञाने आणि सामाजिक विज्ञाने यांचा पद्धतशीर, एकत्रित वापर करावा, असे ते सांगते. हे वाक्य अमलात आणायचे तर दोन्ही विज्ञाने समजणारी माणसे लागणार होती, आणि अशी माणसे तयार करणारे शिक्षण त्या वेळी जवळजवळ नव्हतेच. डिसेंबर १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस हेही इंडियानाचेच. त्याच वर्षी हवेच्या प्रदूषणाचा आणि १९७२ साली पाण्याच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. त्याच १९७२ साली इंडियाना विद्यापीठाने सार्वजनिक कारभार आणि पर्यावरण यांचे एकत्र स्कूल उघडले. कॉल्डवेल त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०१९ मध्ये या स्कूलला पॉल ओनील यांचे नाव दिले गेले. ओनील स्कूल उघडण्याआधी याच विद्यापीठात शिकले, पुढे ॲल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआचे प्रमुख झाले आणि नंतर अमेरिकेचे अर्थमंत्री. त्यांनी स्कूलला तीन कोटी डॉलरची देणगी दिली होती.

दारातला धडा

या स्कूलच्या विद्यार्थ्यांना प्रदूषणाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नव्हते. वेस्टिंगहाऊस कंपनीचा विजेचे कपॅसिटर बनवणारा कारखाना ब्लूमिंग्टनमध्येच होता, आणि १९५८ ते १९७७ या काळात तिथे पीसीबी नावाची तेलकट क्लोरीनयुक्त रसायने वापरली जात. ती पेट घेत नाहीत, विजेला रोधतात आणि सहजासहजी विघटित होत नाहीत. कारखान्याला तेच हवे होते. निसर्गात गेल्यावर तोच गुण घातक ठरतो, कारण ही रसायने मातीत आणि माशांच्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात.

बाद झालेले कपॅसिटर आसपासच्या कचराभूमीत आणि जुन्या खाणींत टाकले गेले. आतला धातू मिळवण्यासाठी लोकांनी ते फोडलेही. कारखान्याचे सांडपाणी शहराच्या मैलापाणी केंद्रात जाई आणि केंद्रातला सुकलेला गाळ खत म्हणून नागरिक बागांना घालत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हे उघड झाले तेव्हा रसायन शहरभर पोचलेले होते.

ब्लूमिंग्टनखालचा खडक चुनखडीचा आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचा दगड या पट्ट्यातलाच. पाण्याने विरघळून या खडकात भेगा, विवरे आणि भुयारे तयार होतात. वाळूतून पाणी मुरत, गाळत, हळूहळू जाते. चुनखडीतल्या भुयारातून ते धावते, आणि जोराच्या पावसानंतर कचराभूमीखालचे रसायन दूरच्या झऱ्यातून बाहेर येते. म्हणून नुसता कचरा उचलून भागत नाही, हे भूजलाचा अभ्यास केलेल्यालाच कळणार. दुसरीकडे १९८५ साली कंपनी, शहर आणि सरकारी संस्था यांच्यात न्यायालयात करार झाला. दूषित माती शहराच्या कचऱ्याबरोबर एका भट्टीत जाळायची, असे त्यात ठरले. कागदावर ही योजना तांत्रिकदृष्ट्या नीट होती. पण शहरातल्या लोकांना ही भट्टी आपल्या हवेत नको होती, आणि करार त्यांना विचारून झालेला नव्हता. विरोध वर्षानुवर्षे चालला, भट्टी कधीच बांधली गेली नाही, करार बदलावा लागला. शेवटी माती उकरणे, काही जागा झाकून बंद करणे आणि झऱ्याचे पाणी शुद्ध करणे हा मार्ग निघाला. एका छोट्या शहराचा हा इतिहास, पण रसायन, भूगर्भ, न्यायालयीन करार आणि लोकांचा अविश्वास हे चारही धागे त्यात इतके गुंतलेले आहेत की त्यांतला एकच धागा धरणाऱ्याला तो समजतच नाही.

अभ्यासात काय असते

पहिल्या वर्षी दोन्हीकडचे पायाभूत विषय येतात आणि ते वर्ष जड जाते. सकाळी मातीतले रासायनिक समतोल, दुपारी नगरपालिकेचे रोखे. दोन्हींची लिहिण्याची रीतही उलटी. विज्ञानाचा अहवाल पद्धत, निरीक्षण, निष्कर्ष अशा क्रमाने जातो आणि निष्कर्षालाही चार अटी जोडतो. अधिकाऱ्याला द्यायचे टिपण दोन पानांचे असते आणि त्याची पहिलीच ओळ काय करावे हे सांगते. जोडपदवीचा विद्यार्थी या दोन्ही रीती एकाच आठवड्यात वापरतो. पुढे नोकरीत सर्वांत उपयोगी पडते ती ही सवय, कुठलाही एक विषय नव्हे.

दोन्ही बाजू खरोखर जुळतात त्या जोखमीच्या अभ्यासात. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने यासाठी एक चौकट घालून दिली. एखादा पदार्थ घातक आहे का, किती मात्रेला किती अपाय होतो, लोकांपर्यंत ती मात्रा किती पोचते, आणि या तिन्हींवरून एकंदर जोखीम किती, असे तिचे चार टप्पे. हे काम विज्ञानाचे. मग त्या जोखमीचे करायचे काय, हा निर्णय वेगळा, आणि तो कायदा, पैसा आणि समाज पाहून घ्यायचा. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात तिची सीमारेषा कशी पुसट होते, ते पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकच्या मर्यादेवरून दिसते. धोरणाच्या वर्गांत वापरायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

अमेरिकेत ही मर्यादा १९४२ पासून लिटरला ५० मायक्रोग्रॅम होती. १९९९ साली संशोधन परिषदेने सांगितले की ती पुरेशी सुरक्षित नाही आणि लवकर खाली आणावी. या निष्कर्षामागे मुख्यतः तैवानच्या नैऋत्य भागातल्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या लोकांचा अभ्यास होता. तिथे मूत्राशयाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले होते. तैवानच्या खेड्यातले आकडे अमेरिकेतल्या माणसाला लावायचे तर आहार, पाण्याचे रोजचे प्रमाण, कमी मात्रेला अपायाचा आलेख सरळ उतरतो की वाकतो, असे प्रश्न येतात. आलेख कसा काढावा हा गणिताचा प्रश्न दिसतो, पण त्यावर हजारो गावांचा खर्च ठरतो.

ईपीएने ३, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम अशा चार मर्यादा तपासल्या. तंत्राने ३ शक्य होती. पण १९९६ च्या दुरुस्तीने कायद्यात एक सोय आली होती: लाभ पाहता खर्च समर्थनीय ठरत नसेल तर संस्था शक्य असलेल्या मर्यादेपेक्षा सैल मर्यादा निवडू शकते. १० मायक्रोग्रॅमला वर्षाचा खर्च सुमारे १८ ते २१ कोटी डॉलर आणि पैशात मोजता आलेला लाभ सुमारे १४ ते २० कोटी डॉलर निघाला. हा लाभ मोजताना टळलेल्या प्रत्येक मृत्यूची किंमत ६१ लाख डॉलर धरली होती.

या आकड्याने अनेक विद्यार्थी दचकतात. पण तो कोणा एका माणसाच्या जिवाचा भाव नसतो. धोक्याच्या कामासाठी लोक किती जादा मजुरी मागतात, अशा व्यवहारांवरून तो काढतात. लाखात एक मरण्याची जादा शक्यता असलेल्या कामासाठी प्रत्येक कामगार ६१ डॉलर अधिक मागत असेल, तर लाख कामगारांचे मिळून ६१ लाख होतात. खरी मेख दुसरीकडे आहे. कर्करोग आर्सेनिक प्यायल्यावर लगेच होत नाही, अनेक वर्षांनी होतो. मग आज केलेल्या खर्चाचा लाभ तीस वर्षांनी मिळत असेल तर त्याची आजची किंमत काय? तीस वर्षांनंतरच्या १०० डॉलरांची किंमत आज ३ टक्के दराने सुमारे ४१ डॉलर भरते आणि ७ टक्के दराने फक्त १३. दर कोणता घ्यायचा हे अर्थशास्त्री ठरवतो, रोग किती वर्षांनी होतो हे वैद्यकशास्त्र सांगते. एकाला दुसऱ्याचे समजत नसेल तर उत्तर तिप्पट चुकू शकते आणि चूक कोणाच्याच ध्यानात येत नाही.

शिवाय सरासरी खर्च फसवा असतो. मोठ्या शहरात शुद्धीकरणाचा खर्च लाखो घरांत वाटला जातो. अगदी लहान गावात तोच घरटी वर्षाला ३०० डॉलरपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाण्याचा अंदाज होता. जानेवारी २००१ मध्ये १० ची मर्यादा जाहीर झाली, सरकार बदलल्यावर मार्चमध्ये ती रोखली गेली, सप्टेंबरमध्ये नव्या वैज्ञानिक परीक्षणात जोखीम आधीच्या अंदाजापेक्षा जास्तच निघाली, आणि ऑक्टोबरअखेर तीच १० ची मर्यादा कायम झाली. ती जानेवारी २००६ पासून लागू आहे.

हिशेबाने सगळे सुटत नाही, हेही आर्सेनिकनेच दाखवले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहराजवळ असार्को कंपनीची तांबे वितळवणारी भट्टी होती, आणि तिच्या धुरातून आर्सेनिक पडत असे. १९८३ साली रकल्सहाउस दुसऱ्यांदा ईपीएचे प्रमुख झाले होते. त्यांनी प्रश्न थेट लोकांपुढे नेला. उपकरणे बसवली तर या धुरामुळे होणारे कर्करोगाचे रुग्ण वर्षाला सुमारे चारवरून एकावर येतील, पण खर्च न पेलून भट्टी बंद पडू शकते आणि पाचशेहून अधिक नोकऱ्या जाऊ शकतात, काय करावे? त्या उन्हाळ्यात सभा झाल्या. अधिकारी कर्करोगाच्या शक्यतेचे तक्ते घेऊन आले. लोकांनी विचारले, परसातली भाजी खावी का, मुलांच्या लघवीत आर्सेनिक सापडते त्याचे काय. त्यांचे प्रश्न तक्त्यातल्या प्रश्नांपेक्षा वेगळे होते, पण अडाणीपणाचे नव्हते. काही जणांनी छातीवर ‘दोन्ही’ असे लिहिलेले बिल्ले लावले: नोकरीही हवी आणि आरोग्यही. पुढे १९८५ साली भट्टी बंद झाली, त्यात तांब्याच्या पडलेल्या भावाचा मोठा वाटा होता. जोडपदवीत सार्वजनिक सुनावणी आणि जोखीम समजावून सांगणे हे विषय शिकवले जातात, त्यांचे कारण टॅकोमासारख्या सभांत आहे.

शेवटचे वर्ष

उन्हाळ्यात इंटर्नशिप असते. ती सरकारी संस्थेत, पाणीपुरवठा मंडळात, सल्लागार कंपनीत किंवा स्वयंसेवी संस्थेत करता येते. शेवटी कॅपस्टोन नावाचा गटाने करायचा प्रकल्प येतो, ज्यात खरा ग्राहक असतो. एखादी नगरपालिका आपला प्रश्न देते आणि विद्यार्थ्यांचा गट सत्रभर काम करून उत्तर सादर करतो. ग्राहकाने मध्येच प्रश्न बदलला तर गट कुरकुरतो, पण नोकरीत हेच होणार असते. पुढे पीएच.डी. करायची असेल तर मात्र कॅपस्टोनवर थांबून चालत नाही. स्वतंत्र संशोधन आणि प्रबंध हवा, आणि तो तीन वर्षांत बसवणे अवघड होते. जोडपदवी संशोधक घडवण्यासाठी आखलेली नाही.

ब्लूमिंग्टनच्या अभ्यासावर एलिनॉर ऑस्ट्रम यांची छाप दिसते. पती व्हिन्सेंट ऑस्ट्रम यांच्यासह त्यांनी १९७३ साली तिथे राजकीय सिद्धान्त आणि धोरण यांवरची कार्यशाळा उभी केली आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा पीएच.डी.चा विषय लॉस एंजेलिसजवळचे भूजल हा होता. अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली आत शिरत होते, आणि उपसा करणाऱ्यांनी आपसात कसे नियम केले, याचा तो अभ्यास. पाणी किती आहे हे शास्त्र सांगते. कोणी किती घ्यायचे, लबाडी कोण पकडणार, दंड किती, हे माणसांनी ठरवायचे. पुणे जिल्ह्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीऐवजी माणशी पाणी वाटण्याचा नियम घातला, ते याच प्रश्नाला दिलेले देशी उत्तर होते.

नोकरी आणि परदेशी विद्यार्थी

या पदवीधरांना नोकरी देणारे पहिले ठिकाण म्हणजे सरकार. ईपीए, राज्यांची पर्यावरण खाती, पाणी आणि जमीन सांभाळणाऱ्या संस्था यांना असे पदवीधर लागतात, कारण प्रदूषणाचे परवाने देण्याचे बरेचसे काम केंद्रीय कायद्याखाली राज्येच करतात. सरकारसाठी नियमांची आर्थिक तपासणी करून देणाऱ्या आयसीएफ किंवा अॅब्टसारख्या सल्लागार कंपन्याही त्यांना घेतात. या बाजारात चढउतार फार होतात. २०२५ मध्ये केंद्र सरकारने ईपीएमध्ये मोठी कर्मचारी कपात केली, तिचा संशोधन विभाग मोडीत काढण्याची घोषणा केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने परिणाम-निवेदनांच्या न्यायालयीन तपासणीची व्याप्ती कमी केली. राज्ये, शहरे आणि खासगी क्षेत्र यांतल्या जागा त्यामानाने टिकून असतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट निघण्यापूर्वीच समजून घ्यावी. ज्या केंद्रीय नोकऱ्यांसाठी हा अभ्यास मुळात आखला गेला, त्या साधारणपणे अमेरिकी नागरिकांनाच मिळतात. परदेशी पदवीधराला राहतात त्या सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठे आणि आंतरराष्ट्रीय बँका. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पदवीनंतर वर्षभर काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या पदवीला आणखी चोवीस महिने मिळतात. पर्यावरणविज्ञान त्या यादीत आहे, साधे लोकप्रशासन नाही. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत जोडपदवीचा विज्ञानाचा भाग व्हिसाच्या दृष्टीनेही उपयोगी पडतो. खर्च मात्र तीन वर्षांचा. विद्यापीठात शिकवण्यास किंवा संशोधनास मदत करून शुल्क माफ करून घेणे हा नेहमीचा मार्ग. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली सुरू केलेल्या जे. एन. टाटा निधीची कर्जशिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हे इथले आधार.

परत येऊन काम करायचे तर अडचण वेगळी आहे. भारतात शास्त्रीय अधिकारी प्रदूषण नियंत्रण मंडळांत भरती होतात आणि निर्णयाचे पद बहुधा प्रशासकीय सेवेकडे असते. दोन्ही जाणणाऱ्यासाठी वेगळी वाट नाही. गरज मात्र उघड आहे. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला, ग्रामसभांना निर्णयात स्थान द्यावे असे सांगितले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि गावांची यादी केली. कोकणातल्या आणि गोव्यातल्या अनेक गावांना आपण यादीत का आलो आणि त्याने काय बदलणार, हे कोणी समजावून दिले नाही. मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा काढावी लागली. नकाशा आणि ग्रामसभा यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस तिथे नव्हता. मुंबईच्या आयआयटीत १९८५ सालापासून असलेले ग्रामीण तंत्रज्ञानाचे सितारा केंद्र, तिथलेच धोरण अभ्यास केंद्र आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचा हवामानबदलावरचा अभ्यासक्रम यांत या कामाची काही तयारी होते. ज्याचे काम महाराष्ट्रातच आहे त्याने आधी या संस्थांची चौकशी करावी.

कोणी घ्यावी

प्रवेशासाठी विज्ञानाच्या बाजूला रसायनशास्त्र आणि कलनगणित आधी झालेले असावे लागते. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीधराला ते आधी भरून काढावे लागते. अभियंत्यांना ही बाजू सोपी जाते, आणि कायदा व अर्थसंकल्पाच्या वर्गात त्यांची दमछाक होते. केवळ दोन प्रमाणपत्रे असली तर नोकरी लवकर मिळेल, एवढ्याच हिशेबाने जोडपदवी घेऊ नये. एक पदवी आणि वर्षभराचा कामाचा अनुभव बहुतेक ठिकाणी तितकाच चालतो. प्रयोगशाळेत रमणाऱ्याने एम.एस. करावे, पर्यावरणाखेरीज आरोग्य, वाहतूक, घरे यांतही रस असलेल्याने एमपीए. मर्यादा, परवाने आणि नुकसानभरपाई जिथे ठरतात त्या टेबलाशी बसायचे ज्याने नक्की केले आहे, त्याच्यासाठी तिसरे वर्ष सत्कारणी लागते. दोन्ही भागांसाठी अर्ज एकदमच करावा, किंवा पहिल्या वर्षाच्या आत दुसऱ्या पदवीसाठी अर्ज द्यावा. त्याहून उशीर केला तर ऐच्छिक विषयांच्या जागा आधीच भरून गेलेल्या असतात आणि वाचणारे वर्ष बहुधा वाचत नाही.